पॉडकास्ट लावला, मेल टाकला, व्हिडिओ व्हायरल झाला: ही क्रियापदं ठरवतं कोण?

नामं इंग्रजीतून येतात यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही, मोबाईल आला तो मोबाईल म्हणूनच राहिला, भ्रमणध्वनी फक्त सरकारी अर्जावर उरला. माझा प्रश्न क्रियापदांचा आहे. प्रवासात लोक पॉडकास्ट 'लावतात', गाणी लावतात, गजर लावतात, कोणाला तरी फोन लावतात. पण रील कोणी लावत नाही, रील बघतात. मेल टाकतात, स्टेटस ठेवतात, लोकेशन पाठवतात, आणि डिलीट मात्र 'मारतात'. हे कोणी शिकवलेलं नाही तरी सगळे सारखंच बोलतात. आणि यातली गंमत म्हणजे पासवर्ड. 'फोनला पासवर्ड लावला' म्हणजे फोन बंद केला आणि 'पासवर्ड टाकला' म्हणजे उघडला. यामागे काही सूत्र आहे का? आणि जाताजाता, पॉडकास्ट तो की ते?

*

सूत्र आहे असं मला वाटतं. एकदा सुरू करून दिलं की आपलं आपण चालत राहतं ते आपण 'लावतो'. पंखा लावला, टीव्ही लावला, डाऊनलोडला लावलं. पॉडकास्ट लावून खिडकीबाहेर बघत बसता येतं, रीलचं तसं नाही, तिथे अंगठा सतत कामाला असतो म्हणून ती लावत नाहीत. फोन लावण्याचं जरा वेगळं, तिथे लावणे म्हणजे जोडणे, कडी लावतो तसं, पासवर्ड लावला तोही कडीतलाच.

पॉडकास्ट बहुतेक जण 'तो' म्हणतात आणि तेच कानाला बरं लागतं. शब्द तसा ताजा आहे, २००४ मधला, आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. आयपॉड २००१ ला आला, २०२२ ला अ‍ॅपलने तो बंदही केला, आता पॉडकास्ट ऐकणाऱ्या कितीतरी पोरांनी आयपॉड डोळ्याने बघितलेला नसणार. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे, आडवा रिसीव्हर क्रेडलवर ठेवायचे त्याला जमाना झाला तरी आपण 'चल, फोन ठेवतो' म्हणतो आणि फोन हातातच असतो.

*

मेल कोणी 'मेल आला' म्हणतं, कोणी 'मेल आली'. आली म्हणणाऱ्यांनी अनेकवचन करून दाखवावं, 'सकाळपासून दहा मेली आल्या'. म्हणून तो मेलच बरा, एक मेल, दहा मेल, कोणी मरत नाही.

*

हाहा. पण लिंकचं बघा, 'लिंका पाठव' बिनधास्त चालतं, फायली तर कधीच्याच मराठी झाल्या. तसंच पोस्ट. सोशल मीडियावरची 'ती' पोस्ट, पत्र टाकायला जातो ते मात्र 'ते' पोस्ट. अ‍ॅप 'ते' झालंय, पण त्याचं सामान्यरूप करायला जीभ वळत नाही, 'अ‍ॅपात' कोणी म्हणत नाही, अ‍ॅपमध्येच म्हणतात.

विभक्तीवरून आठवलं. 'फोनवर' आणि 'फोनमध्ये' यात केवढा फरक पडतो बघा. फोटो फोनवर बघितला म्हणजे पडद्यावर बघितला, फोनमध्ये आहे म्हणजे साठवलेला आहे. माणसाचं त्याहून भारी, 'तो फोनवर आहे' म्हणजे बोलतोय आणि 'तो फोनमध्ये आहे' म्हणजे घरी असून नसल्यासारखा. ग्रुपचं उलट, ग्रुपात कोणी काही टाकत नाही, ग्रुपवर टाकतात, फळ्यावर सूचना लावावी तसं. आणि ग्रुपमध्ये फक्त माणसं असतात.

*

ऑफिसातलं कोणी बोललंच नाही. 'मेल कर' आणि 'मेल टाकून ठेव' हे दोन वेगळे सल्ले आहेत. मेल कर म्हणजे समोरच्याला कळव, आणि मेल टाकून ठेव म्हणजे उद्या तो 'मला सांगितलंच नव्हतं' म्हणाला तर दाखवायला कागद हवा. सगळी खोच त्या 'ठेव'मध्ये आहे, आणि अनुभवी माणूस नव्या माणसाला हे बरोबर त्याच सुरात सांगतो, मान जरा तिरकी करून. दुसरं, 'सीसीत ठेव'. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या दोन कागदांमध्ये निळा नाहीतर काळा कार्बन घालायचे तो. हल्ली कार्बन पेपर ऑफिसात क्वचितच दिसतो, पण साहेबांना सीसीत ठेवायचं कोणी विसरत नाही.

'कॉल घेणे'ही बदललं. पूर्वी कॉल घेतला म्हणजे आलेला फोन उचलला, आता 'चार वाजता कॉल घेऊ' म्हणजे मीटिंग, तासिका घेतात ना मास्तर, तसं ते घेणं. आणि 'पिंग कर'. हा शब्द १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेल्या छोट्याशा प्रोग्रॅमचं नाव आहे, पलीकडचं मशीन जागं आहे का बघायला संदेश पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं, नाव पाणबुडी शोधायच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून. आता माणसंच एकमेकांना पिंग करतात, अर्थही तोच, आहेस का रे जागेवर. मला यासाठी 'हाक मार' पुरेसं वाटतं पण साहेबाला हाक कशी मारणार, पिंग करता येतं.

*

डिलीट 'मारणे' राहिलंच की. शिक्का मारतो, फुली मारतो, सही ठोकतो, त्याच घरातलं ते. हाताच्या एका फटक्यात होतं ते मारायचं. कॉपी मारणे मात्र करू नका, ते परीक्षेतलं.

*

सगळ्यात घोळ राजकारणाच्या बातम्यांतल्या क्रियापदांनी घातलाय असं माझं मत आहे, जरा लांब लिहितो.

'व्हिडिओ व्हायरल झाला.' झाला. पाऊस झाला, उशीर झाला, तसा व्हायरलही झाला, करणारा कोणीच नाही. मूळ शब्दात विषाणू आहे त्यामुळे साथ आपोआप पसरते तसं वाटतं. पण प्रचाराच्या काळात बरेचदा पाठवायची यादी तयार असते, ठरलेल्या वेळी शेकडो खाती एकच मजकूर स्वल्पविरामासकट टाकतात, त्यातली काही खाती माणसांची नसतातच, बॉट असतात, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. अशा वेळी मराठीत फरक करायची सोय आयती आहे, 'पसरला' आणि 'पसरवला'. एका 'व'ने कर्ता परत येतो. माहीत असेल तर 'अमक्याने पसरवला' लिहा, माहीत नसेल तर 'पसरवला गेला' लिहा, निदान वाचणारा विचारेल तरी कोणी. बातमी लिहिणाऱ्यांना 'व्हायरल झाला' सोयीचं पडतं, कोणाचं नाव घ्यावं लागत नाही ना.

बॉट हा रोबॉटचा शेपटाकडचा तुकडा. रोबॉट आला चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून, मूळ चेक शब्द रोबोटा म्हणजे वेठ. म्हणजे बॉट खरं तर वेठबिगार. एकाच माणसाने शंभर खाती राबवायची, याला यापेक्षा नेमकं काय म्हणणार.

डीपफेकला काही जण 'बनावट व्हिडिओ' लिहितात, ते मला अपुरं वाटतं. बनावट नोट असते, सही असते. एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा आणि आवाज घेऊन दुसराच कोणीतरी बोलतो तेव्हा तो तोतया. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा ओळख पटवायला केवढा खटाटोप करावा लागला, इथेही भांडण तेच, हा खरंच तो आहे का. तोतया व्हिडिओ, तोतया आवाज, चालायला काय हरकत आहे?

*

तोतया आवडला, उचलतो. पण 'व्हायरल झाला' सरसकट नको म्हणणं पटलं नाही. मांजर पियानोवरून चालत गेलं तो व्हिडिओ खरंच आपोआप पसरतो, त्याला कोणी पसरवत नाही, लोकांना गंमत वाटते म्हणून पुढे ढकलतात. तिथे 'झाला'च बरोबर. आणि 'पसरवला' लिहिण्याआधी तसा पुरावा नको का?

*

मांजरीला सूट आहे हो. पुरावा नसेल तर साधं 'फिरतोय' लिहा, 'हा व्हिडिओ सध्या फिरतोय', त्यात कोणावर आळही नाही.

*

ट्रोलला वर्तमानपत्रात 'जल्पक' वाचलंय, त्यावर कोणी काही बोललं नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद हा खरं काय ते कळावं म्हणून, जल्प हा काही करून जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच मांडायची नाही, समोरच्याचं तेवढं खोडत बसायचं. मग जल्पकाला निदान जिंकायचं तरी असतं, त्याची एक बाजू असते. टीव्हीवरच्या चर्चेतले पक्षांचे प्रवक्ते जल्पक म्हणून शोभतील. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाच्या पोस्टखाली येऊन नुसती खोड काढून जाणारा वैतंडिक झाला. शिव्याच देऊन जाणारा यातल्या कशातच बसत नाही, त्याला शिवराळ म्हणावं आणि ब्लॉक करावं.

*

ब्लॉक करावं की मारावं?

*

शिवराळ असेल तर मारावं.