क्लॅप जुळतो, पण शेवटी लिपसिंक सरकतो
प्रश्न: फिल्ममेकिंग कोर्सच्या पहिल्या सत्राचा सराव. चित्रण मोबाइलवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. क्लॅप (सुरुवातीला पाटीच्या पट्ट्या आपटून केलेली खूण) जुळवूनही दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द जुळत नाहीत. का?

उत्तर: बहुतेक मोबाइल फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) स्थिर ठेवत नाहीत, बहुधा तेच कारण. हँडब्रेक या व्हिडिओ-फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' आणि २५ निवडून फाइल बदला, मगच एडिटला घ्या. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

उत्तर: पण सलग दहा मिनिटं चित्रण कशाला? प्रत्येक टेकला (एका सलग चित्रणाला) क्लॅप द्या. पट्ट्या मिटल्याची पहिली फ्रेम आणि आवाजाच्या लहरीचं टोक जुळवा. २५च्या वेगाला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन चुकल्या की खटकतंच.

उत्तर: लिपसिंकशी संबंध नाही, पण शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवलंय ना? नाहीतर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ट्यूबलाइटचे पट्टे येऊ शकतात, आणि ते एडिटमध्ये नीट निघत नाहीत.