बायबलची मूळ पोथी नक्की आहे कुठे?

दांडियाबाजारकर: ऑफिसातला माझा एक मित्र ख्रिश्चन आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याचं बायबल चाळत होतो तर मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, शेवटी बारीक टीप, की ही वचनं जुन्या प्रतींत नाहीत. तो म्हणे मी कधी पाहिलीच नव्हती! म्हणजे मागून कोणी घुसडली का? आणि मूळ प्रत कुठे, व्हॅटिकनला?

सुरसागरकाठी: लेखकाच्या हातची एकही उरलेली नाही, सगळ्या नकलांच्या नकला. नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागाचा, सगळ्यात जुना मानतात तो तुकडा मँचेस्टरला आहे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला, साधारण दुसऱ्या शतकातला, आणि आकार किती तर एटीएम कार्डापेक्षा जरासा मोठा. नवा करार अख्खा सापडतो तो थेट चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकस नावाच्या हस्तलिखित पोथीत. व्हॅटिकनची पोथी त्याच काळातली, पण तिची शेवटची पानं गेलीत. दोन्हीत मार्क 16 आठव्या वचनाला संपतो, बायका घाबरून येशूच्या कबरीपासून पळतात आणि बास. पुढची 12 नाहीतच.

पोथीवाल्या काकू: अरे त्यात दचकण्यासारखं काय आहे, नकलणारा समासातली टीप मजकुरात ओढतो, ओळ गाळतो, कधी भक्तीपोटी भर घालतो, आपल्याकडेही हेच. नाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठभेदांना कंटाळूनच ना. आणि आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात 1960 ते 75 रामायणाच्या पोथ्या ताडून सात खंड काढले, त्यातही कितीतरी श्लोक मुख्य पाठातून खाली तळटीपेत गेले, म्हणून घरात कोणी रामायण वाचायचं सोडलं का?

मांडवीचा_मन्या: सिनायटिकसची भानगड पण वाचा. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मनाने 1844ला इजिप्तमधल्या सिनाईच्या मठातून 43 पानं लायप्झिगला नेली, 1859ला पुन्हा जाऊन बरीचशी उरलेली नेली ती रशियाच्या झारकडे पोचली, आणि 1933ला सोव्हिएत सरकारने 1 लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकून टाकली. मठवाले म्हणतात उसनी दिली होती. घ्या!

दांडियाबाजारकर: मित्राला दाखवलं. तो विचारतोय, 'ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा' ती गोष्ट तरी आहे ना त्यात?

सुरसागरकाठी: नाही रे, सिनायटिकस आणि व्हॅटिकनची, दोन्हीत नाही. योहान 7:53 ते 8:11. पण बऱ्याच आवृत्त्या कंसात ठेवतात, काढत नाहीत.