मदत हवी आहे: आईसाठी गंगोत्री यात्रा, आणि गडू गोमुखाला भरावा की गंगोत्रीच्या घाटावर?

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो आणि माझ्या आईचे वय ७१ वर्षे आहे. वडील असताना दोघांनी काशीयात्रा केली होती. परतल्यावर गंगापूजन आणि मावंदेही रीतसर झाले, आणि तेव्हा गंगाजल भरून तोंड बंद केलेले जे दोन गडू आणले होते, त्यांपैकी एक देवघरात तसाच बंद ठेवला होता. तो तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या अखेरच्या क्षणी फोडला. तेव्हापासून आईच्या मनात आहे की, नवा गडू आता काशीहून न आणता गंगेच्या उगमावर आपल्या हाताने भरून आणावा. त्यामागचे कारण ती सांगत नाही आणि मीही विचारलेले नाही.

अडचण ‘उगम’ या शब्दापाशी सुरू होते. आईच्या मते उगम म्हणजे गोमुख, म्हणजे जेथे हिमनदीतून गंगा बाहेर पडते ती जागा, आणि ते गंगोत्रीच्या मंदिरापासून पायी अठरा किलोमीटर पुढे आहे. तिला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते आणि उजवा गुडघा उतरताना दुखतो. तरीही सकाळी सपाट रस्त्यावर ती तीन किलोमीटर सहज चालते. दहा वर्षांपूर्वी ती त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी चढून गेली होती आणि तोच दाखला ती मला वारंवार देते. ब्रह्मगिरीची उंची सुमारे १,३०० मीटर आहे, तर गंगोत्रीचे मंदिरच ३,१०० मीटरच्या आसपास आहे, हे सांगून पाहिले. त्यावर “पायऱ्या तर पायऱ्याच असतात” असे उत्तर मिळाले.

आई, मी आणि माझे यजमान असे तिघे नवरात्राच्या आसपास निघू इच्छितो. रेल्वेने हरिद्वार आणि तेथून भाड्याची गाडी, असा विचार आहे. चौकशी केलेल्या एका यात्रा कंपनीने हरिद्वार ते हरिद्वार पाच दिवसांत यमुनोत्री आणि गंगोत्री असा कार्यक्रम दिला आहे, पण तो मला फार घाईचा वाटतो. आईला गोमुखापर्यंत नेणे शक्य आहे का, यमुनोत्री जोडावी की सोडावी, ऑगस्ट २०२५ मध्ये गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावावर जो प्रलय आला त्यानंतर त्या रस्त्याने ज्येष्ठांना नेताना कोणती काळजी घ्यावी, आणि नोंदणीचे नेमके काय करावे लागते, याबद्दल स्वतः जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या आईंच्याच वयाच्या माझ्या सासूबाईंना घेऊन मी ऑक्टोबरमध्ये जाऊन आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाच दिवसांचा तो कार्यक्रम सरळ नाकारावा. कंपनीवाले किलोमीटर मोजतात, उंची मोजत नाहीत. ऋषिकेशहून चंबामार्गे उत्तरकाशी दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे आणि घाटरस्त्यामुळे पूर्ण दिवस जातो. उत्तरकाशी जेमतेम १,१५० मीटरवर असल्याने तेथे श्वासाचा त्रास होत नाही. तेथून गंगोत्री सुमारे १०० किलोमीटर आहे, आणि या १०० किलोमीटरमध्ये माणूस जवळपास दोन हजार मीटर वर चढतो. हे अंतर एका दिवसात कापून त्याच रात्री गंगोत्रीला मुक्काम केला, तर डोके दुखणे, मळमळणे आणि झोप न लागणे हे तरुणांनाही होऊ शकते. म्हणून उत्तरकाशीला दोन रात्री राहावे आणि मधल्या दिवशी काशीविश्वनाथाचे दर्शन घ्यावे. तेथील विश्वनाथ पाहून आईंना आपली जुनी यात्रा आठवेल. नंतर हर्षिलला एक किंवा दोन रात्री राहावे. ते अडीच हजार मीटरच्या वर आहे. हर्षिलहून सकाळी गंगोत्रीला जाऊन दुपारनंतर परत खाली यावे, म्हणजे गंगोत्रीच्या उंचीवर झोपण्याची वेळच येत नाही. सासूबाईंना आम्ही असेच नेले. त्यांना पहिल्या दिवशी थोडी धाप लागली, एवढेच. (हर्षिलचा राजमा आणि त्या दिवसांतली सफरचंदे मात्र अवश्य आणावीत.)

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी परस्पर, दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नये. ती काहींना चालत नाही. गोळ्या नेहमीपेक्षा चार दिवसांच्या जास्त न्याव्यात आणि त्या गाडीच्या टपावरच्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, कारण दरड कोसळली की मुक्काम वाढतो.

यमुनोत्रीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या खेपेला सोडावी. गंगोत्रीला गाडी जवळपास मंदिरापर्यंत जाते आणि पुढे थोडेच चालावे लागते. यमुनोत्रीला मात्र जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरची उभी चढण आहे. घोडे आणि पालख्या मिळतात, पण दुखऱ्या गुडघ्याने घोड्यावरून उतरणीला बसणे चालण्यापेक्षा सोपे नसते. पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे यमुनोत्रीपासून सुरुवात करण्याचा क्रम चार धामांसाठी सांगितला जातो. आपला संकल्प एका गडूचा आहे.

नोंदणी प्रत्येकाची हवी. ती उत्तराखंड शासनाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर होते. तिघांची नोंदणी आपण घरूनच करावी आणि कागदावर छापून प्रत्येकाच्या पिशवीत ठेवावी, कारण डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. हरिद्वार आणि ऋषिकेशलाही नोंदणीच्या खिडक्या असतात, पण तेथे रांगेत आईंना उभे करण्याचे कारण नाही. रोख पैसे उत्तरकाशीलाच काढून घ्यावेत.

प्रतिसाद २

गोमुखाला मी दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा पाठीवर पिशवी होती आणि वय तिशीच्या आत होते, त्यामुळे जे लिहितो ते त्या नजरेने वाचावे. गंगोत्रीपासून नऊ किलोमीटरवर चिरबासा, चौदा किलोमीटरवर भोजबासा आणि तेथून चार किलोमीटरवर गोमुख आहे. चढ एकदम उभा नाही, पण चिरबासाच्या पुढे वाटेवर वरून दगड घरंगळत येतात आणि तेथे रेंगाळू देत नाहीत. मुक्काम भोजबासालाच करावा लागतो. तेथे गढवाल मंडळ विकास निगमचे विश्रामगृह आणि लालबाबांचा आश्रम आहे, आणि ऑक्टोबरात रात्रीचा पारा शून्याच्या खाली जातो. हा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात असल्याने वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच सोडतात.

आता मुख्य गोष्ट. एवढे चालून गेल्यावर हिमनदीच्या तोंडाशी जाऊन गडू भरता येतो, असे आपल्याला वाटत असेल तर ते खरे नाही. बर्फाच्या त्या भिंतीतून मोठमोठे तुकडे सुटून पडतात, म्हणून बरेच अलीकडे थांबावे लागते आणि पाणी प्रवाहातूनच घ्यावे लागते. शिवाय हिमनदी मागे सरकत आहे. शंभर वर्षांपूर्वीचे यात्रेकरू ज्या जागेला गोमुख म्हणून नमस्कार करत होते, तेथे आज उघडे दगड आहेत. आईंना रात्री भोजबासाला त्रास झाला तर अंधारात चौदा किलोमीटर खाली आणायला पाठीवर घेणाऱ्या माणसांशिवाय दुसरा उपाय नाही. माझ्या आईला मी नेले नसते.

धरालीविषयी: ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगा या ओढ्याच्या लोंढ्याने बाजारपेठेचा मोठा भाग गाडला गेला आणि कल्पकेदाराचे प्राचीन मंदिरही त्याखाली गेले. खाली गंगनानीजवळचा पूल वाहून गेला, तेव्हा लष्कर आणि सीमा रस्ते संघटनेने बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून उभा करतात तो) टाकून रस्ता जोडला. या रस्त्यावर पावसाळ्यात जाऊच नये, आणि पावसाळा संपल्यावरही ओढ्याच्या तोंडाशी असलेले हॉटेल, खोली कितीही सुरेख असली तरी, घेऊ नये. रोज सकाळी निघण्यापूर्वी उत्तरकाशीच्या पोलिसांची रस्त्याबद्दलची सूचना पाहावी. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला पोहोचावे. रात्री डोंगररस्त्यावर गाड्या चालवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रतिसाद ३

मी त्र्यंबकेश्वरचा आहे, म्हणून आपल्या आईंच्या शंकेवर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजून लिहितो. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर आहे, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. आई तो चढून पाहून आल्या आहेत. पण स्नान कोठे होते, संकल्प कोठे सोडतात, सिंहस्थात साधूंचे आखाडे कोठे उतरतात? गावातल्या कुशावर्त कुंडावर. गौतम ऋषींनी गंगेला जेथे दर्भाने अडवले, ती ही जागा, अशी कथा आहे. वर डोंगरात जे पाणी फुटते त्याचे तीर्थ खाली कुंडात होते, कारण तेथपर्यंत म्हातारेकोतारे पोचू शकतात. गंगोत्रीचेही तेच आहे. मंदिराजवळ भगीरथशिला आहे, भगीरथाने तप केले ते तेथे, असे तेथील पुरोहित सांगतात. गोमुख ही हिमनदीच्या बर्फाची जागा आहे आणि ती सरकते. ज्या घाटावर भगीरथाची कथा उभी आहे तो घाट सरकलेला नाही. घाटावरचे पाणी अठरा किलोमीटरवरून, गोमुखातूनच आलेले असते. आईंना एवढे सांगून पाहावे. त्यांना पटेल, कारण कुशावर्ताला त्यांनी कधी ‘हा उगम नव्हे’ म्हटले नसणार.

मुहूर्ताचेही पाहावे. गंगोत्रीचे मंदिर अक्षय्यतृतीयेला उघडते आणि दिवाळीच्या पाडव्याला, तेथील अन्नकूटाच्या दिवशी बंद होते. मग गंगामाईची उत्सवमूर्ती मुखबा गावी जाते आणि हिवाळाभर पूजा तेथेच होते. दिवाळीच्या अगदी तोंडावर जाऊ नये. उत्तरेत श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि तेव्हा कावड घेऊन जाणाऱ्यांनी हरिद्वारचे रस्ते भरून जातात, हेही पुढच्या एखाद्या यात्रेसाठी लक्षात ठेवावे. नवरात्राचे दिवस उत्तम. पाऊस सरलेला असतो आणि नदीचे पाणीही बरेच निवळलेले असते. मे-जूनमध्ये ते राखाडी दिसते आणि गडूच्या तळाशी गाळ बसतो.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. यमुनोत्री सोडली आहे. कंपनीला नकार कळवला. उत्तरकाशीला दोन आणि हर्षिलला दोन रात्री ठरवल्या आहेत. शिवाय एक दिवस पूर्ण मोकळा ठेवला आहे, म्हणजे रस्ता बंद पडला तरी परतीची रेल्वे चुकणार नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

कुशावर्ताची गोष्ट काल रात्री आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “तुझ्या वडिलांनाही काशीला असंच कोणी तरी समजावून सांगितलं असतं, तर ते घाटावर दोन दिवस हटून बसले नसते.” मला यातले काहीच माहीत नव्हते, काशीला नक्की काय झाले होते ते आता हळूहळू विचारणार आहे. गोमुखाचा विषय तिने स्वतःहून काढणे बंद केले आहे, एवढे नक्की.

एक प्रश्न उरतो. आईने तांबट आळीतून तांब्याचा नवा गडू आणला आहे आणि त्याला डाख (तोंड कायमचे बंद करणारा धातूचा सांधा) तेथूनच लावून घ्यायचा, असा तिचा आग्रह आहे. म्हणजे पाणी गंगोत्रीहून नाशिकपर्यंत उघड्या तोंडाच्या गडूतून आणावे लागेल. रेल्वेत ते सांडू नये म्हणून बाटलीतून आणून घरी गडूत ओतले तर चालेल का, की गडू भरल्यावर मेणाने तोंड बंद करून आणण्याची काही सोपी रीत आहे? ज्यांच्या घरी असे गडू आले आहेत त्यांनी कृपया सांगावे, कारण निघायला आता पाच आठवडेच आहेत.