मदत हवी आहे : थंडीत नदीकाठच्या गावाला गाडीने जायचंय

नमस्कार मंडळी,
थंडीत नदीकाठचं एखादं छोटं गाव गाडीने जाऊन निवांत बघायचा बेत आहे. सोबत आई असेल. घाई नाही, पण उगाच जोखीमही नको.

मुख्य काळजी धुक्याची. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की थंड हवा खोलगट भागात साचते, नदीचा ओलावा असतोच, त्यामुळे पहाटे धुकं नेमकं पाण्याजवळ दाट. वर लख्ख ऊन आणि उतार संपता संपता बॉनेटपलीकडचं दिसेना, अशी गत. अप्पर लावला तर उजेड उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर आणि फॉग लॅम्प, इतपत ठाऊक आहे. पण तुम्ही निघता कधी? ऊन वर आल्यावर, की आदल्या संध्याकाळीच पोचून मुक्काम ठोकता? माझा कल मुक्कामाकडे आहे. पहाटेची नदी चालत बघता येईल.

दुसरं, काचेवर आतून वाफ धरते. एसीने हवा कोरडी होते हे खरं, पण आई कुडकुडणार. हीटर आणि एसी एकत्र लावून, बाहेरची हवा आत घेत कोणी चालवलंय का? काच किती वेळात साफ होते?

टायरमधली हवा मी प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच बघेन.

आणि हो, काठावरच्या ओल्या मातीत चाक रुतलं तर पहिलं काय करायचं? पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक आहे.