फ्री एजंट आपल्याकडे आला की ढेपाळतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑनलाइन बेसबॉल मॅनेजर गेममध्ये गेल्या सीझनला फ्री एजंटांमधून (करार संपलेले, कुठल्याही संघाला घेता येणारे खेळाडू) .३१२ फलंदाजी सरासरीचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) घेतला, ४ वर्षांच्या करारावर. निम्मं बजेट त्यातच गेलं. माझ्याकडे येऊन गडी थेट .२४१ वर! रेटिंग मात्र जसंच्या तसं. फार जिवाला लागलं. मग जुने आकडे उकरले. त्या वर्षी त्याचा बॅबिप (होमरन आणि स्ट्राइकआउट सोडून, मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूंवरची सरासरी) .३९० होता, एरवी हा आकडा .३०० च्या आसपास असतो, म्हणजे नशिबाचाच भाग मोठा. त्यात वय ३३, आणि आधीचं मैदान फलंदाजांना धार्जिणं.

आता पिचर (चेंडू टाकणारा) हवाय. ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या दर नऊ इनिंगमागच्या धावा) बघू की स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉकचं (चार बॉलवर फुकट पहिला बेस) प्रमाण? मला दुसरं जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्यात फील्डिंगचा हात नसतो. पण किती सीझनचे आकडे धरायचे? बोली परवा बंद होतेय, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.