पंचांच्या निर्णयाविरुद्ध मल्लाने दाद मागायची कोठे?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कमध्ये महाराष्ट्र केसरीच्या गादी (मॅट) विभागाची अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असे राक्षे यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, शब्दाने शब्द वाढत गेला आणि त्यांनी पंचांची कॉलर धरून लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीतही गुणांवरून वाद होऊन महेंद्र गायकवाड वेळ संपण्याआधीच आखाडा सोडून गेले, गदा मोहोळ यांना मिळाली आणि राक्षे व गायकवाड या दोघांनाही राज्य कुस्तीगीर संघाने तीन वर्षांसाठी निलंबित केले. त्या दिवशी कोण बरोबर आणि कोण चूक, हे पुन्हा उगाळण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

आमच्या तालमीत यात्रेच्या मैदानाच्या जोडी ठरवायला मंडळी बसली की हा विषय निघतोच आणि दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की लाथ मारणे गैरच होते, परंतु जो मल्ल २०२३ साली जानेवारीत पुण्यात आणि नोव्हेंबरमध्ये धाराशिवला केसरी झाला, ज्याच्यासमोर तिसरी गदा होती, त्याला पंचांचा निर्णय अन्यायाचा वाटला तर कायद्याने काहीतरी मार्ग असायला हवा. दुसऱ्या तटाला वाटते की कुस्तीत एकदा कोर्टकचेरी शिरली की निकाल आखाड्यात न लागता तारखांवर लागतील. माझा प्रश्न सरळ आहे : लढतीतील निर्णयाविरुद्ध मल्लाला न्यायालयात जाता येते काय? आणि पंचाला मारलेली लाथ हा केवळ शिस्तभंग आहे की फौजदारी गुन्हा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : कोर्टाची पायरी

वकिली करतो, पैलवानकी कधी केलेली नाही. तेव्हा डावपेचांबद्दल बोलत नाही, कायद्यापुरते लिहितो.

लढत चालू असताना पंचांनी दिलेला निर्णय न्यायालये बदलत नाहीत, आणि ही केवळ आपल्याकडची रीत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा मुष्टियोद्धा क्रिस्टोफ मेंडी याला कमरेखाली ठोसा मारल्याबद्दल बाद ठरवण्यात आले. ऑलिंपिकसाठी तेथेच बसवलेल्या क्रीडा लवादाकडे तो गेला, तेव्हा लवादाने सांगितले की ठोसा कमरेखाली होता की नव्हता हे रिंगणाशेजारी बसलेल्यांनी ठरवायचे, आमचे ते काम नव्हे. तेव्हापासून हेच सूत्र जगभर पाळले जाते. त्याला अपवाद एकच : पंचाने लाच घेतली, किंवा आकसाने अथवा मनमानीने निर्णय दिला, हे पुराव्यानिशी दाखवता आले तर लवाद ऐकून घेतो. नुसती चूक, मग ती चित्रफितीत स्पष्ट दिसणारी का असेना, पुरेशी होत नाही.

मात्र याचा अर्थ क्रीडा संघटना कायद्याच्या बाहेर आहेत, असा होत नाही. क्रिकेट नियामक मंडळासंबंधीच्या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा मतांनी मंडळाला ‘राज्यसंस्था’, म्हणजे सरकारचाच एक भाग, मानण्यास नकार दिला, तरीही सार्वजनिक स्वरूपाचे काम करणाऱ्या अशा संस्थेविरुद्ध संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते, हे मान्य केले. त्यामुळे निवड, निलंबन, निवडणूक, मान्यता हे विषय न्यायालयात जातात आणि वरचेवर जातात. २०१६ साली ऑलिंपिकच्या ७४ किलो गटासाठी चाचणी घ्यावी म्हणून सुशील कुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. ज्यांच्याविरुद्ध ती चाचणी मागितली गेली ते नरसिंग यादव तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले, आणि देशासाठी ती जागा मिळवणारेही तेच. न्यायालयाने याचिका ऐकली आणि भारतीय कुस्ती महासंघाची निवड मनमानी नाही असे म्हणून फेटाळली. याचिका फेटाळली गेली हे सगळ्यांच्या लक्षात राहते. न्यायालयाने ती ऐकून घेतली, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

आता लाथेविषयी. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ८७, जे आता भारतीय न्याय संहितेचे कलम २५ आहे, असे सांगते की सज्ञान व्यक्तीने संमती दिलेली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू अथवा तशी संभाव्यता नसेल, तर त्या कृतीतून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. त्याखाली दिलेले उदाहरणच करमणुकीसाठी परस्परांशी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे आहे. कुस्तीत खांदा निखळला तरी पोलीस ठाण्यात कोणी जात नाही, ते या तत्त्वामुळे. पंचाने मात्र अशी कोणतीही संमती दिलेली नसते. तो लढत नसतो, लढवत असतो. त्याला लाथ मारणे हे साध्या दुखापतीच्या कलमात, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ११५ मध्ये बसू शकते. तक्रार करायची की संघटनेच्या कारवाईवर समाधान मानायचे, हा पंचाचा अधिकार आहे. क्रीडांगणावर घडले एवढ्याने गुन्ह्याचा शिस्तभंग होत नाही.

प्रतिसाद २ : शिट्टी

जिल्हा पातळीवर काही वर्षे पंच म्हणून काम केले आहे, म्हणून थोडे गादीच्या बाजूने लिहितो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की चितपट ठरवणारा माणूस एकच असतो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे गादीवर एक पंच, कडेला एक सहपंच आणि टेबलाशी प्रमुख असे तिघे असतात, आणि एकट्या पंचाच्या म्हणण्यावर चित ठरत नाही. दोन्ही खांद्यांची पाती एकाच वेळी गादीला लागून तेथे क्षणभर दाबून धरलेली दिसली पाहिजेत. एक पाते टेकले, दुसरे उचलले आणि मग ते टेकले, तर ती चित नव्हे. हा क्षण पापणी लवण्याइतका असतो. पंच पोटावर आडवा होऊन, गाल गादीला टेकवून खांद्याखालची फट पाहत असतो, आणि नेमका त्याच वेळी वरच्या मल्लाचा हात किंवा डोके त्याच्या नजरेच्या आड येते. चित्रफीत मात्र दुसऱ्या बाजूने घेतलेली असते.

गुणांच्या बाबतीत आव्हानाची सोय आहे. मल्लाच्या कोपऱ्यातून प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो, चित्रीकरण पाहिले जाते, आव्हान फसले तर समोरच्याला एक गुण मिळतो. पद्धत उत्तम आहे, पण तिला चांगले कॅमेरे लागतात, ते योग्य कोनात लावावे लागतात आणि टेबलाशी बसलेल्याला ते दृश्य शांतपणे पाहू द्यावे लागते. आमच्याकडे टेबलामागे सत्काराची रांग लागलेली असते. मंडपावर, कमानींवर, थार गाडीवर जेवढा खर्च होतो त्याचा लहानसा हिस्सा चार कोनांतल्या कॅमेऱ्यांवर झाला, तर निम्मे तंटे गादीवरच मिटतील, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत टांग या डावावर चार गुण दिले, त्यावरून राज्यभर गदारोळ झाला आणि पंचांना फोनवरून धमकावल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा तेच घडते, याचा दोष एकट्या मल्लाच्या तापटपणावर ढकलता येणार नाही.

प्रतिसाद ३ : मिरजमार्गे

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु मूळ दुखणे वेगळे आहे, असे मला वाटते. पंच कोणाचा माणूस, हा संशय प्रेक्षकाच्या मनात लढतीआधीच असतो, कारण संघटनाच कोणाची, याचा वाद मिटलेला नाही. मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. २०२२ साली राष्ट्रीय महासंघाने ती परिषद बरखास्त केली, समोर कुस्तीगीर संघ उभा राहिला, एकीकडे शरद पवार आणि दुसरीकडे रामदास तडस अशी नावे आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले : फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये तर अहिल्यानगरची स्पर्धा संपून दोन महिने होतात न होतात तोच त्याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी भरली आणि वेताळ शेळके केसरी झाले. एका स्पर्धेचे यजमान आमदार संग्राम जगताप, दुसरीचे आमदार रोहित पवार. मल्लांनी दोन्हीकडे घाम गाळला, त्यांना दोष नाही.

दिल्लीतही चित्र निराळे नव्हते. निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून जागतिक संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय महासंघाला निलंबित केले आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याशिवाय उतरावे लागले. अंतिम पंघाल या महिला मल्लाचे कांस्यपदक त्या स्पर्धेतले. २१ डिसेंबरला निवडणूक होऊन संजय सिंह अध्यक्ष झाले, तीन दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीला निलंबित केले आणि ते निलंबन मार्च २०२५ मध्ये उठले. आखाड्याला राजाश्रय लागतो, हे शाहू महाराजांच्या काळापासून आपण मानत आलो आहोत आणि नेते मंडळींनी खर्च करू नये, असे मी म्हणणार नाही. पण ज्याने मंडप घातला त्याच्याच गोटातून पंचांची यादी येत असेल, तर निर्णय शंभर टक्के बरोबर असला तरी हरलेल्याला तो पटणार कसा?

प्रतिसाद ४ : दादरचा डबेवाला

वकील साहेबांच्या ‘नुसती चूक पुरेशी होत नाही’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत मुष्टियोद्ध्या सरिता देवी उपांत्य लढत हरल्या तेव्हा निकाल चुकला, असे लढत पाहणाऱ्या कित्येकांचे मत होते. भारताची तक्रार फेटाळली गेली, त्यांनी कांस्यपदक गळ्यात घालून घेण्यास नकार दिला आणि शिक्षा कोणाला झाली? त्यांनाच, वर्षभराची बंदी. पंचाच्या चुकीला दाद नाही आणि मल्लाच्या संतापाला मात्र तत्काळ शिक्षा, असा हा न्याय आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मल्ल विनेश फोगाट यांना जादा भरलेल्या १०० ग्रॅम वजनासाठी बाद केले, तेही लवादाने कायम ठेवले. मग लवाद हवाच कशाला?

प्रतिसाद ५ : कोर्टाची पायरी

डबेवाले साहेब, सरिता देवींच्या बाबतीत आपला राग रास्त आहे, पण विनेश यांचे प्रकरण या माळेत ओवू नये. तेथे पंचाचा निर्णय वादात नव्हताच. ६ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी जपानच्या युई सुसाकीला हरवले, तो निकाल कोणी नाकारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या गटात वजन १०० ग्रॅम जास्त भरले, आणि दोन्ही दिवशी वजन द्यावे लागते व कोणत्याही दिवशी ते जास्त भरल्यास मल्ल शेवटच्या क्रमांकावर जातो, हा नियम आधीपासून लिहिलेला होता. लवादाने १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला. नियम कठोर आहे, असे मलाही वाटते. पहिल्या दिवशीच्या विजयांचे फळ दुसऱ्या दिवशीच्या वजनाने हिरावून घेऊ नये, असे म्हणायला जागा आहे. परंतु ते भांडण नियम करणाऱ्यांशी आहे.

प्रतिसाद ६ : कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. एक शंका उरली आहे. लढतीचा निर्णय न्यायालयात जात नसेल, तर तीन वर्षांचे निलंबन तरी जाते का? आणि राज्यात दोन संघटना असताना एकीने घातलेली बंदी दुसरीच्या स्पर्धेत लागू होते का? आमच्याकडच्या दोन्ही तटांना याचे उत्तर हवे आहे.

प्रतिसाद ७ : कोर्टाची पायरी

निलंबन न्यायालयात जाऊ शकते. शिक्षा देण्यापूर्वी आरोप लेखी कळवला होता का, म्हणणे मांडायला संधी दिली का, शिक्षेचा कालावधी संघटनेच्या नियमावलीत बसतो का आणि आतल्या आत अपिलाची सोय आहे का, हे चार प्रश्न न्यायाधीश विचारतील. घटनेनंतर लगोलग, चौकशीविना दिलेली शिक्षा तेथे टिकणे अवघड असते, मग घटना सगळ्या राज्याने पाहिलेली का असेना. म्हणजे चितपट झाली की नाही यावर मल्लाला दाद मिळणार नाही, पण शिक्षेवर मिळू शकेल. आधी संघटनेकडे लेखी अपील करावे, त्याची पोच घ्यावी, उत्तर न आल्यास उच्च न्यायालय.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला आहे. त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद असून त्याच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील होते. हे न्यायाधिकरण पुरते कामाला लागले की राष्ट्रीय महासंघांशी निगडित अशी पुष्कळ भांडणे उच्च न्यायालयांऐवजी तिकडे जातील. ऑलिंपिक, आशियाई अशा स्पर्धांदरम्यानचे वाद त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. खेळ हा विषय संविधानाच्या राज्य सूचीत, ३३ व्या नोंदीत आहे, त्यामुळे राज्य पातळीवरच्या संघटनांसाठी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करण्यास काही आडकाठी नाही.

दुसऱ्या संघटनेविषयी : निलंबन हे सभासदत्वाच्या नात्यातून येते, म्हणून ते मुळात त्या संघटनेच्या स्पर्धांपुरतेच असते. प्रतिस्पर्धी संघटना ते पाळण्यास बांधील नाही. मात्र राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ महासंघाची मान्यता असलेली संघटनाच पाठवते. म्हणून मल्लाने दुसऱ्या आखाड्यात उतरण्याआधी आपल्या संघटनेची नियमावली मागवून घ्यावी. अनधिकृत स्पर्धेत भाग घेतल्यास कारवाई, असे कलम पुष्कळ ठिकाणी घातलेले असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही.

प्रतिसाद ८ : शिट्टी

नियमावली मागून मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यासाठी काय करावे, तेही सांगा.

प्रतिसाद ९ : कोर्टाची पायरी

संघटना संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तिची घटना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. नोंदणी क्रमांक घालून प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. संघटनेच्या पावतीपुस्तकावर किंवा पत्रकाच्या माथ्यावर तो क्रमांक बहुधा छापलेला असतो.