शब्दचर्चा: ‘पर्सनल लर्निंग एन्व्हायरन्मेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतोय. ‘सेल्फ-डायरेक्टेड लर्निंग’ आणि ‘पर्सनल लर्निंग एन्व्हायरन्मेंट’ (पीएलई) ही जोडी पानोपानी येते. सध्या ‘स्वनिर्देशित अध्ययन’ आणि ‘वैयक्तिक अध्ययन पर्यावरण’ लिहिलंय, पण वाचताना दाताखाली खडा येतो.

प्रतिसाद १
‘पर्यावरण’ आधी काढा, झाडं लावायचा कार्यक्रम वाटतो. ‘वातावरण’ही नको. ते आपल्याभोवती असतं किंवा नसतं; पीएलई, म्हणजे आपली शिकण्याची साधनं, हाताने जमवावी लागते. पहिल्यासाठी मात्र ‘स्वाध्याय’ तयार आहे की! तैत्तिरीय उपनिषदात ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ (स्वाध्यायात हयगय करू नकोस) आहेच.

प्रतिसाद २
घोटाळा तिथेच आहे. उपनिषदातला स्वाध्याय म्हणजे वेदपठण. काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं. आणि आज? ‘धड्याखालचा स्वाध्याय लिहून आणा.’ नाव ‘स्व’चं, हुकूम दुसऱ्याचा.

प्रौढशिक्षणाचा अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्सने १९७५ साली सेल्फ-डायरेक्टेड लर्निंगची जी व्याख्या केली तिचा आशय असा: माणूस आपणहून पुढाकार घेतो, आपल्याला काय शिकायची गरज आहे ते ओळखतो, उद्दिष्ट ठरवतो, माणसं आणि साधनं शोधतो, पद्धत निवडतो आणि कितपत जमलं तेही जोखतो. हे सगळं कुणाच्या मदतीने किंवा मदतीशिवाय. म्हणून ‘स्वयंशिक्षण’ही पुरत नाही, त्याला एकटेपणाचा वास आहे. इथे गुरू चालतो, फक्त लगाम शिकणाऱ्याकडे. ‘स्वाधीन अध्ययन’ सुचलं होतं, पण मराठीत आपण वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करतो!

माझं मत ‘स्वनियोजित शिक्षण’ला. जोखण्याचा भाग त्यात दबतो, हे कबूल. ‘स्वनियमन’ मात्र ‘सेल्फ-रेग्युलेशन’साठी राखून ठेवा. दुसऱ्याने ठरवलेल्या परीक्षेचा अभ्यासही माणूस स्वतःचं लक्ष आणि वेळ सांभाळून करू शकतोच.

प्रश्नकर्ता
पटलं. मग पीएलई म्हणजे एखादं ॲप का? पुस्तिकेत तसा भास होतो.

प्रतिसाद ३
नाही. ही संज्ञा २००४-०५च्या सुमारास ई-लर्निंगवाल्यांत रुजली, ती शिक्षणसंस्थेच्या एकछत्री ऑनलाइन प्रणालीला (धडे, गृहपाठ, चर्चा सगळं एकाच ठिकाणी) पर्याय म्हणून. त्या प्रणालीत अभ्यासक्रम संपला की बहुधा खातं बंद आणि चर्चाही गेली. पीएलईत शिकणारा मध्यभागी असतो आणि साधनं त्याने जोडलेली असतात. ‘पर्सनल’ आणि ‘पर्सनलाइज्ड’ यांची गल्लत करू नका. तुमच्या सवयी पाहून यंत्र पुढचा व्हिडिओ लावतं, तेव्हा निवड यंत्राची असते.

माझंच सांगतो. पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकतोय. ध्वनिमुद्रणांसाठी झेनो-कँटो (हे संकेतस्थळ २००५पासून आहे), फोनवरचा रेकॉर्डर, चूक दाखवणारे दोन जाणकार आणि एक वही. सगळ्यात उपयोगी वहीचं शेवटचं पान: ‘फसलेले आवाज’. तिथे एकाच पक्ष्याचं गाणं आणि त्याचीच धोक्याची हाक दोन वेगळे पक्षी म्हणून लिहिलेली सापडली. मग त्या आठवड्यात फक्त धोक्याच्या हाका ऐकल्या. हे कुणी नेमून दिलं नव्हतं, त्या पानाने सांगितलं. उलट, हौसेने जमवलेल्या चाळीसेक दुव्यांची यादी मी पुन्हा उघडलेली नाही. नुसती साठवण म्हणजे पीएलई नव्हे.

म्हणून शब्द सुचवतो: ‘अभ्यासमांडणी’. मांडणी आपण करतो आणि वाटलं तर मोडतोही.

प्रतिसाद १
मांडणी म्हणजे भांड्यांची फळी ना?

प्रतिसाद ३
मग तर अधिकच चपखल. काय हाताशी ठेवायचं आणि काय वरच्या फळीवर, ते रोज वापरणाराच ठरवतो.

प्रतिसाद २
चालेल, पण पहिल्या उल्लेखात ‘स्वतःची’ जोडा. नुसती ‘अभ्यासमांडणी’ वेळापत्रकासारखी वाटू शकते.

प्रश्नकर्ता
ठरलं: ‘स्वनियोजित शिक्षण’ आणि ‘स्वतःची अभ्यासमांडणी’. ‘लर्नर’साठी ‘अध्ययनार्थी’ लिहिलं होतं, तेही ‘शिकणारा’ करतोय. फक्त दर वाक्यात ‘शिकणारा/शिकणारी’ नको म्हणून सगळीकडे ‘शिकणारे’ घेतलं, तर क्रियापदं बदलत बसावं लागणार. आजची रात्र त्यातच जाणार.